बोटीच्या पोटातले पाणी कुठले?

पावसाळा संपत आला की छत्रपती संभाजीनगरातील अनेक अपार्टमेंटमध्ये एक ठरलेला वाद रंगतो. हॉलच्या भिंतीवर ओल उतरलेली असते. खालचे म्हणतात, हे तुमच्या बाथरूमचे पाणी. वरचे म्हणतात, आमचे नाही, गच्चीचे आहे. प्लंबर येतो, चार फरश्या उखडतो, पांढरे सिमेंट भरतो आणि जातो. पंधरा दिवसांनी ओल पुन्हा हजर, फक्त हातभर सरकलेली. ज्या शहरात नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार यावर घराचे वेळापत्रक ठरते, तेथे गळतीचे दुःख वेगळे सांगायला नको.

गळती शोधण्याची विद्या मात्र सर्वांत जास्त घोटली गेली ती समुद्रावर, शिडाच्या बोटींवर. कारण सरळ आहे. घराची भिंत ओली झाली तर रंग जातो. बोटीच्या तळाशी पाणी साचले आणि ते कुठून येते हे कळले नाही, तर बोटच जाऊ शकते. संभाजीनगरहून मुंबईचा समुद्र तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. पण ही गोष्ट मुंबईतूनच सुरू होते.

मुंबईची सुहैली

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला व्यापारी जहाजावर अधिकारी असलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश तरुणाने मुंबईत एक बोट बांधून घेतली. लांबी ३२ फूट, लाकूड सागवानी. इथल्या सुतारांनी ती जुन्या पद्धतीने, तासणीने लाकूड तासून घडवली. नाव ठेवले ‘सुहैली’. आखाती अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला या नावाने ओळखतात. याच बोटीतून १४ जून १९६८ रोजी नॉक्स-जॉन्स्टन इंग्लंडच्या फालमथ बंदरातून एकटे निघाले. कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती. तोवर ते कोणालाच जमले नव्हते.

महिनाही झाला नाही तोच तळातले पाणी वाढू लागले. पंप रोज जास्त वेळ मारावा लागे. आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्दे बेटांच्या पुढे वारा पडला तेव्हा ते मुखवटा लावून बोटीखाली उतरले. बोटीच्या कण्याला, म्हणजे कीलला, ज्या ठिकाणी पहिली फळी भिडते तेथे सांधा सुटला होता. फट सुमारे आठ फूट लांब, आणि दोन्ही बाजूंना. बोट लाटेवर वरखाली झाली की फट उघडे आणि मिटे. मुंबईहून इंग्लंडकडे जाताना अरबी समुद्रातही सुहैलीने याच जागी पाणी घेतले होते.

फट उघडमीट करते ही बारीकशी गोष्ट फार महत्त्वाची आहे. बंदरात शांत उभ्या असलेल्या बोटीची तपासणी केली असती तर ही गळती नीट दिसलीच नसती. पुष्कळ गळत्या अशाच असतात. बोट एका अंगावर कलली, इंजिन सुरू झाले, शिडांचा ताण डोलकाठीवर आला की त्या जाग्या होतात. बोट स्थिर झाली की निमूट.

दुरुस्ती समुद्राच्या मधोमध, पाण्याखाली, श्वास रोखून. सांध्यात कापसाची वात ठोकून बसवायचा पहिला प्रयत्न फसला, कारण वात नीट बसण्याआधीच दम संपे. मग त्यांनी कॅनव्हासची लांब पट्टी घेतली, तिला आतून कापूस शिवला, डांबर चोपडले, तांब्याचे खिळे टोचून ठेवले आणि ती पट्टी फटीवर ठोकली. तिच्यावर तांब्याची पत्रापट्टी. मध्येच एक शार्क घुटमळू लागला, त्याला गोळी घालावी लागली. दुसऱ्या बाजूचे काम पुढे वारा पुन्हा पडला तेव्हा झाले. २२ एप्रिल १९६९ रोजी सुहैली फालमथला परतली, ३१२ दिवसांनी.

या दुरुस्तीत एक रासायनिक घोटाळाही दडलेला होता. सुहैलीच्या फळ्या लोखंडी खिळ्या-बोल्टांनी जोडलेल्या होत्या. लोखंडाजवळ तांबे आणि दोन्ही खाऱ्या पाण्यात, हे गंजाला आमंत्रण. पण बुडण्यापेक्षा गंज परवडला, आणि त्या परिस्थितीत हा हिशेब अगदी बरोबर होता. गंजाकडे पुढे वळू.

त्यानंतर चाळीस वर्षांनी याच नॉक्स-जॉन्स्टन यांचे मार्गदर्शन घेऊन भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे एकटे जगाला फेरी मारून आले. कल्पना निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. बोट ‘म्हादेई’, गोव्यातल्या मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली, ५६ फुटी. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि चार बंदरे घेऊन १९ मे २०१० रोजी मुंबईलाच परतले. म्हादेईचा सांगाडा लाकडी गाभ्यावर फायबरग्लासचे थर चढवून केलेला. सुहैलीसारखा फळ्यांचा सांधाच नाही, मग उघडणार काय?

तरी पाणी यायचे थांबत नाही.

पाण्याची जात ओळखा

बोटीच्या तळाशी, फरशीच्या फळ्यांखाली जी सर्वांत खोलगट जागा असते तिला बिल्ज म्हणतात. घरात जसे सगळे पाणी शेवटी मोरीकडे वाहते तसे बोटीत कुठूनही शिरलेले पाणी येथे येऊन साचते. मोरीला बाहेर जायचा रस्ता असतो. बिल्जला नसतो, तेथून पाणी पंपानेच बाहेर जाते.

आधुनिक बोटीच्या अंगालाही बरीच भोके असतात, आणि ती मुद्दाम पाडलेली असतात. इंजिन थंड करायला समुद्राचे पाणी आत घेणारे एक, संडासाची एक-दोन, बेसिनचे एक, पंख्याचा दांडा बाहेर जातो ते एक, सुकाण्याचे एक. प्रत्येकाला झडप आणि रबरी नळी. याशिवाय डेकवरचे बोल्ट, खिडक्या, डोलकाठी जेथून आत उतरते ती जागा. शिवाय पिण्याच्या पाण्याच्या टाक्या, आइसबॉक्सचे वितळलेले पाणी, आणि थंड भिंतीवर माणसांच्या श्वासातून धरणारे दव. दोन माणसे रात्रभर बंद केबिनमध्ये झोपली तर नुसत्या श्वासातून नि घामातून जवळजवळ अर्धा लिटर पाणी हवेत जाते. थंड समुद्रात त्यातले पुष्कळसे भिंतींवरून ओघळून तळाला येते.

म्हणून तळाशी पाणी दिसले की अनुभवी माणसाचा पहिला प्रश्न ‘भोक कुठे आहे?’ असा नसतो. ‘हे पाणी गोड आहे की खारे?’ असा असतो. गोडे असेल तर संशय पाऊस, टाकी किंवा दवावर. खारे असेल तर घाई करा.

जुने खलाशी बोट बुडवून जिभेला लावत. आज ते करू नये. बिल्जच्या पाण्यात डिझेल, इंजिन ऑइल आणि कधी संडासाच्या नळीचे पाणीही असते. इंजिनाला थंड ठेवणारे कूलंट गळत असेल तर आणखी फसगत, कारण त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि मूत्रपिंडाला घातक असते. हिरवट किंवा गुलाबी रंगाचे, बोटांना बुळबुळीत लागणारे पाणी हा त्याचा खुणेचा भाग.

जिभेपेक्षा बरे साधन संभाजीनगरात घरोघरी ठाऊक आहे. आरओ बसवणारा माणूस खिशातून काढून पेल्यात बुडवतो तो टीडीएसचा पेन. पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे पाणी वीज किती वाहते ते तो मोजतो आणि आकडा दाखवतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला ५०० मिलिग्रॅम हे स्वीकारार्ह मानते. बोअरचे पाणी त्याच्या पुष्कळ वर जाते. समुद्राचे पाणी सुमारे ३५,००० असते. खिशातल्या पेनाचा काटा तेथे हात टेकतो. टाकीतल्या पाण्याचा आकडा आधी माहीत असेल आणि बिल्जमधल्या पाण्याचा त्याच्याशी जुळला, तर पाणी टाकीचेच.

मधलाच काहीतरी आकडा आला तर मात्र थांबावे. तळाशी वर्षानुवर्षांचे वाळलेले मीठ असते. पावसाचे गोडे पाणी त्याच्यावरून वाहत आले की खारट होते आणि समुद्राचा आळ घेते. घरच्या भिंतीतही नेमके हेच घडते. स्लॅबमधून झिरपलेले पाणी सिमेंटमधले, विटांमधले क्षार विरघळवत येते. भिंतीवर जो पांढरा लोणा फुलतो तो त्याचाच. अशा पाण्याचा टीडीएस मोजून ‘हे बोअरचेच’ असा निकाल देणारा प्लंबर निष्पाप शेजाऱ्याला फाशी देतो.

आधी कोरडे करा

पाणी शोधायची खरी रीत उलटी आहे. आधी सगळे पाणी काढायचे. पंपाने नव्हे, पंप तळाशी दोन बोटे पाणी ठेवतोच. स्पंजने आणि जुन्या टॉवेलने, अगदी हाडासारखे कोरडे. मग एकेका कप्प्यात कोरडा टिश्यू पेपर अंथरायचा किंवा खडूची पूड, टाल्कम पावडर भुरभुरायची. पाण्याचा पहिला थेंब जेथून येतो तेथून पावडरीत वाट पडते, आणि ती वाट उलटी चालत गेले की उगम सापडतो. डबकं भरल्यावर शोध घेणे म्हणजे पूर आल्यावर ओढ्याचा उगम शोधण्यासारखे.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एक दिवस फक्त पाण्यावर उभी. नंतर फक्त इंजिन. मग शिडे लावून डाव्या अंगावर, पुढच्या खेपेला उजव्या. गोड्या पाण्याचा पंप रात्रभर बंद ठेवला आणि सकाळी तळ कोरडा मिळाला तर गळती त्या नळात. टाकीवर संशय असेल तर पाण्यात खाण्याचा रंग टाकायचा. डेकवर कोणी पाईप धरून खालून वर, एकेक खिडकी करत, प्रत्येक जागी दहा मिनिटे पाणी मारायचे. सगळीकडे एकदम मारले तर काहीच कळत नाही. फारच हट्टी गळती असेल तर केबिनच्या फटी बंद करून पंख्याने आत हवा भरतात आणि बाहेरून साबणाचे पाणी लावतात. फुगा जेथे येतो तेथे भोक, पंक्चरवाल्याची तीच युक्ती, फक्त ट्यूब ५६ फुटांची.

या कामात माणूस सर्वांत जास्त फसतो तो पाण्याच्या प्रवासामुळे. डेकवरच्या एका बोल्टपाशी शिरलेले पाणी आतल्या अस्तराच्या आणि बाहेरच्या कवचाच्या मधल्या पोकळीतून पुढे सरकते, आडव्या पट्टीवरून मीटर-दोन मीटर वाहते आणि भलत्याच कपाटात टपकते. लोक कपाट दुरुस्त करतात. हॉलमधली ओल हातभर सरकते तीही अशीच. स्लॅबमधल्या सळया आणि वायरिंगच्या नळ्या पाण्याला आयता रस्ता देतात.

आणि हे सगळे शांतपणे करायला वेळ मिळतोच असे नाही. पाण्याच्या पातळीच्या दोन फूट खाली दीड इंच व्यासाची झडप तुटली तर मिनिटाला सुमारे १४० लिटर पाणी आत येते. गच्चीवरची हजार लिटरची टाकी सात मिनिटांत भरेल. बोटीवरचा छोटा पंप तासाला दोनेक हजार लिटरचा असतो, म्हणजे मिनिटाला ३३, तोही नवा आणि बॅटरी पूर्ण भरलेली असताना. म्हणून नीट वागवलेल्या बोटीत प्रत्येक झडपेला मऊ लाकडाचा निमुळता बूच दोरीने बांधून ठेवलेला असतो. तो शोधायला लागू नये एवढाच दोरीचा उपयोग.

नोव्हेंबर २०२२ मध्ये गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या शर्यतीत फिनलंडचे तापिओ लेहतिनेन यांची ‘अस्तेरिया’ दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला मागच्या बाजूने पाणी भरून बुडाली. झोपेतून जागे झाले तेव्हा पाणी आत आलेलेच होते आणि वीस मिनिटांत बोट गेली. ते तराफ्यावर होते. शर्यतीतल्या कर्स्टन नॉयशेफर यांनी दुसऱ्या दिवशी त्यांना उचलले. भारतीय नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी हेही त्यांच्या दिशेने वळले होते. बोट खोल पाण्यात गेल्यावर भोक कुठे होते हे कोण सांगणार?

चकचकीत बोल्टच्या आत

मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ ही ४० फुटी बोट कॅरिबियनमधील अँटिग्वाहून चौघांना घेऊन इंग्लंडला निघाली होती. अटलांटिकच्या मध्यावर त्यांनी किनाऱ्यावर कळवले की बोटीत पाणी येत आहे. त्यांनी कवच पाहिले, झडपा पाहिल्या. उगम सापडला नाही. त्यानंतर बोट उलटली. पुढे सापडला तो उलटा सांगाडा, ज्याची कील जागेवर नव्हती. तराफा बांधलेलाच होता. चौघांपैकी कोणी मिळाले नाही.

कील म्हणजे बोटीखाली बोल्टांनी टांगलेले धातूचे टनावारी वजन. ते नसेल तर शिडाची बोट उभी राहत नाही. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने आपल्या अहवालात लिहिले की आधी तळ घासल्यामुळे आणि नंतरच्या दुरुस्त्यांमुळे कीलची बैठक कमकुवत झाली असावी, आणि एखाददुसरा बोल्टही झिजलेला असावा. आत येणारे पाणी हीच त्या सैल होत चाललेल्या कीलची सूचना होती. भोक शोधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर झडपा आणि नळ्या असतात. बोल्ट नसतात, कारण बोल्ट बिल्जमध्ये चकाकत असतात.

चकाकीचा खुलासा असा. स्टेनलेस स्टील गंजत नाही हा समज अर्धाच खरा. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते. हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा तयार करते आणि तो खरचटला तर लगेच पुन्हा धरतो. सगळी मजा ऑक्सिजनवर. वॉशरखाली, लाकडाच्या ओल्या भोकात, साचून राहिलेल्या पाण्यात ऑक्सिजन संपतो. पापुद्रा पुन्हा धरत नाही, आणि खाऱ्या पाण्यातले क्लोराइड तेथे पोखरू लागते. नटचे डोके आरशासारखे आणि दोन इंच खाली बोल्टची कंबर पेन्सिलीएवढी, अशी अवस्था होते. म्हणून सतत वाहत्या समुद्रात जे स्टेनलेस वर्षानुवर्षे टिकते तेच वाटीभर साचलेल्या पाण्यात मरते.

दुसरा गंज दोन धातूंच्या भांडणातून होतो. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडले गेले की लहानशी बॅटरी तयार होते आणि त्यातला जो जास्त ‘उदार’ तो झिजतो. पितळेत तर हे भांडण घरातच असते. त्यातले जस्त निघून जाते आणि उरते ते सच्छिद्र, गुलाबीसर तांबे. स्वस्त पितळी झडप अशी गुलाबी दिसू लागली की ती हातानेसुद्धा तुटू शकते. ॲल्युमिनियमच्या बोटीच्या बिल्जमध्ये तांब्याच्या वायरीचा एक तुकडा पडून राहिला तर त्याच्याखाली भोक पडू शकते.

तिसरा सर्वांत वेगवान. बिल्जच्या पंपाची वायर पाण्यात लोंबकळत असेल आणि तिचा जोड उघडा पडला असेल तर बॅटरीचा प्रवाह धातूतून पाण्यात जातो. वर्षांचे काम आठवड्यांत होते. गळतीवर उपाय म्हणून बसवलेला पंपच बोटीला भोक पाडू शकतो. म्हणून वायरचे जोड पाण्याच्या पातळीच्या वर, डब्यात.

हे रोखायची युक्ती दोनशे वर्षांची आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या तांब्याचा पत्रा मढवलेल्या जहाजांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. ते तुकडे झिजले आणि तांबे वाचले. पण मग तांब्याचा विषारी अंश पाण्यात सुटेना, तळावर शंख-शिंपले वाढले, जहाजे मंदावली आणि नौदलाने वैतागून ते तुकडे काढायला लावले. विज्ञान बरोबर होते, जागा चुकली होती. आज जवळजवळ प्रत्येक बोटीच्या दांड्यावर आणि सुकाण्याजवळ जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असा बळीचा तुकडा असतो. अर्धा झिजला की बदलायचा. त्याला रंग लावायचा नाही. उत्साही मालक नेमके तेच करतात आणि तो निकामी होतो.

मात्र हा तुकडा पाण्यात बुडलेल्या भागाचेच रक्षण करतो. बिल्जमध्ये, जेथे कधी ओल तर कधी कोरडे, तेथे तो पोचत नाही. तेथे एकच इलाज, कोरडेपण. आणि मीठ धुऊन काढणे. पावसाळ्यात मिठाच्या डबीत पाणी सुटते म्हणून आपण तांदळाचे दाणे टाकतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की साधे मीठ ओलावा ओढून विरघळू लागते, आणि समुद्री मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्या बरेच खाली. म्हणजे खारे पाणी नुसते पुसून उपयोग नाही. मागे राहिलेले मीठ हवेतून स्वतःच पाणी आणते. आधी गोड्या पाण्याने धुवायचे, मग पुसायचे, मग फरशीच्या फळ्या उचलून हवा खेळू द्यायची. कप्प्याकप्प्यांमधली पाणी वाहायची छोटी भोके केसांनी, लाकडाच्या भुशाने बुजतात. ती तारेने मोकळी करायची. या कामाला कौशल्य लागत नाही, गुडघे लागतात.

नाकाला कळते, कधी कळत नाही

साचलेल्या बिल्जला सडक्या अंड्यांचा वास येतो. ऑक्सिजन संपलेल्या पाण्यात काही जिवाणू समुद्रातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. हा वायू पोलाद खातो आणि जास्त प्रमाणात माणसालाही मारतो. त्याचा कपट असा की प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येणे थांबते. गेला असे वाटते तेव्हा तो सर्वांत धोकादायक असतो. बोटीवरच्या स्वयंपाकाचा एलपीजीही हवेपेक्षा जड. गळला तर तो उडून जात नाही, बिल्जमध्ये उतरून ठिणगीची वाट पाहतो.

गंजाचा स्वतःचाही एक घातक गुण आहे. गंजताना लोखंड हवेतला ऑक्सिजन खाते. सप्टेंबर २००७ मध्ये उत्तर समुद्रात ‘व्हायकिंग आयले’ या जहाजावर नांगराची साखळी ठेवायच्या बंद खोलीत दोन खलाशी उतरले आणि कोसळले; त्यांना काढायला गेलेला तिसराही गेला. खोलीत विषारी काही नव्हते. गंजलेल्या साखळीने तिथला ऑक्सिजन संपवला होता. मराठवाड्यात विहिरीत, सेप्टिक टँकमध्ये, बंद पडलेल्या टाकीत एकामागोमाग एक माणसे दगावल्याच्या बातम्या येतात तेव्हा वायू वेगळा असेल, क्रम हाच असतो. पहिल्याला वाचवायला दुसरा उतरतो. बंद जागेत हवा खेळवल्याशिवाय आणि वर दोरी धरून माणूस उभा असल्याशिवाय कोणी उतरायचे नसते, खाली पडलेला भाऊ असला तरी.

गच्चीवर आणि गिझरमध्ये

स्लॅबमधली सळई गंजली की फुगते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट होते, ते आतून काँक्रीट फोडते आणि छताचा पापुद्रा खाली येतो. पडलेल्या जागेवर प्लास्टर करणे म्हणजे ओल्या बिल्जवर रंग मारणे. पाणी कुठून येते ते आधी. सगळे नळ बंद करून रात्री टाकीची पातळी खडूने आखा, सकाळी पाहा. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि पंधरा मिनिटे फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेला. गच्चीच्या एका कोपऱ्यात कापडाचा बांध घालून दोन इंच पाणी एक दिवस साठवा, मग दुसऱ्या कोपऱ्यात. शेजाऱ्याशी भांडण नंतरही करता येते.

डेव्हींचा तो तुकडा तर बहुतेक घरांत आहे. साठवणीच्या गिझरमध्ये तापवणाऱ्या कॉइलशेजारी मॅग्नेशियमचा एक रॉड असतो. टाकीऐवजी तो झिजतो. बोअरच्या जड, क्षारयुक्त पाण्यात तो लवकर संपतो, आणि संपला की पाणी टाकीच खायला घेते. गिझर खालून गळायला लागल्यावर लोक मेकॅनिकला बोलावतात, तेव्हा बहुधा रॉडच्या जागी नुसती तार उरलेली असते. वर्षातून एकदा तो काढून पाहायला सांगितले तर बरेच मेकॅनिक कॉइल दाखवतात. रॉड वेगळा, तो मुद्दाम मागावा लागतो.

म्हादेईनंतर त्याच गोव्याच्या कारखान्यात तिची धाकटी बहीण ‘तारिणी’ बांधली गेली. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून जग फिरल्या. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी परतल्या. जमिनीपासून पृथ्वीवरची सर्वांत दूरची जागा, पॉइंट नेमो, त्यांच्या वाटेत होती. तेथून कोणत्याही बाजूला सर्वांत जवळची जमीन अडीच हजार किलोमीटरहून अधिक दूर.

आणि सुहैली? मुंबईत ठोकलेले तिचे लोखंडी खिळे-बोल्ट पन्नास वर्षांत सागवानाच्या आत गंजून फुगले होते. नॉक्स-जॉन्स्टन यांनी सत्तरी ओलांडल्यावर ते एकेक उपटून काढले आणि त्यांच्या जागी सिलिकॉन ब्राँझचे बसवले. लाकूड बहुतेक जुनेच राहिले. जून २०१८ मध्ये, पहिल्या प्रवासाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, ती पुन्हा फालमथच्या पाण्यात शिडे लावून उभी होती.